काकू हळू चालत नव्हत्या

हौसाकाकू गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. माणच्या चौकात फ्लेक्स लागला होता, तो मी ऑफिसला जाताना रिक्षातून वाचला. गाड्यांची रांग नेहमीसारखी अडली होती, म्हणून सगळा वाचता आला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली नाव, त्याखाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या तरुणांचे फोटो. दहावासुद्धा होऊन गेला होता. आणि मधला मोठा फोटो मी काढलेला होता. त्यात काकू ताम्हिणीच्या अलीकडच्या एका दरीच्या काठावर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या, कारण मी वीस-पंचवीस पावलं खाली धापा टाकत बसले होते. फ्लेक्सवाल्याने दरी पुसून मागे ढग लावले होते, कमरेला खोचलेला पदर डोक्यावरून घेतलेला दाखवला होता. हसू मात्र तेच होतं... माझ्यावरचं.

मी मूळची परभणीची. घटस्फोटानंतर नोकरीसाठी इकडे आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. काकूंचा थोरला मुलगा संतोष, त्यानेही “आम्ही फॅमिलीलाच देतो” असं सांगून हात जोडले होते. मी पायऱ्या उतरत होते. दारात लसूण सोलत बसलेल्या म्हाताऱ्या बाईने मान वर न करता विचारलं, “ही काय फ्यामिली न्हाई व्हय? एकली हाय म्हनून निम्मी हाय का?” संतोष किल्ली आणायला आत गेला. त्या संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले.

महिनाभरात दाराबाहेरचे माझे ट्रेकिंगचे बूट त्यांच्या नजरेस पडले. “ह्ये खुरं घालून जाती कुटं?” मी म्हटलं, ऑफिसचा ग्रुप आहे, गाडी करून मुळशीकडे जातो, डोंगर चढतो, बरोबर वाटाड्या असतो. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांचं माहेर तिकडचं, मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाची एक वाडी. भाऊ कधीच खाली येऊन पांगले, घरं पडली, पण वाटा काकूंच्या पायात तशाच होत्या. पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता त्या रबरी चपला घालून, फडक्यात भाकरी बांधून खाली उभ्या होत्या. मला विचारलंही नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही दोघी जात राहिलो. पौडवरून पुढे जाणारी एसटी, तलावाच्या काठाने तासभर चाल, मग रानात शिरायचं. वर हिरड्याची, अंजनीची झाडी इतकी दाट की डोक्यावर ऊन पडत नसे, आणि चालता चालता एकदम झाडी संपून पायाखाली दरी उघडायची. पहिल्यांदा मी भिऊन मागे सरले. काकू मात्र काठावर पाय सोडून बसल्या आणि भाकरी खाऊ लागल्या. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईला धाप लागलेली मी एकदाही ऐकली नाही. त्या पुढे जायच्या, वरच्या वळणावर थांबायच्या, मी पोचले की लगेच उठायच्या. मला विसावा मिळू नये याची जणू त्या काळजी घ्यायच्या.

त्या प्रेमळ होत्या असं मी लिहिणार नाही. एकदा ओढ्यातल्या शेवाळावरून पाय घसरला, घोटा मुरगळला आणि मी रडायला लागले. काकूंनी घोटा दाबून पाहिला, मोडलेला नाही एवढं ठरवलं आणि समोरच्या दगडावर जाऊन बसल्या. “झालं का रडून? का अजून ऱ्हायलंय? तसं सांग, म्या तंबाखू मळती.” मग म्हणाल्या, “नवऱ्यानं सोडलं तवाबी अशीच बसली हुतीस का?” मी संतापून उठले आणि एसटीच्या थांब्यापर्यंत लंगडत गेले, वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला उठवण्यासाठीच त्या तसं बोलल्या, की मुळातच तितक्या कठोर होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी त्यांचा व्हिडिओ टाकला. कातळाच्या टप्प्यावरून नऊवारीचा काष्टा घालून सरसर चढणाऱ्या काकू. चार दिवसांत तो सगळीकडे फिरला. ऑफिसात लोक मला थांबवून विचारायचे, मला मोठी मजा वाटायची. संतोष तेव्हा निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत होता. त्याच्या विरोधातल्यांनी तोच व्हिडिओ उचलला आणि त्यावर लिहिलं, ‘पोरगा फॉर्च्युनरमध्ये, आई रानात लाकडं वेचते.’

संतोष माझ्याकडे आला तो हात जोडूनच. आवाज अगदी मऊ. “मॅडम, व्हिडिओ तेवढा काढा. आन् आईला आता नेऊ नका.” मी म्हटलं, मग त्यांना तसं सांगा ना. “आमी सांगून ती ऐकनार न्हाई. घर डोक्यावर घेईल. तुमीच सांगा.” काय सांगू, असं मी विचारलं. त्याने जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. “सांगा, की तिला घेऊन चढायला तुमाला उशीर व्हतो. तिला वाटलं पायजे, तुमालाच नकोय. मग ती पुन्ना इचारायची न्हाई.” आणि दारातून वळून म्हणाला, “तुमचं ॲग्रीमेंटबी संपत आलंय ना? बघू, राहा की निवांत.”

मी दोन दिवस विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी लगेच व्हिडिओ काढला आणि त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले. पुन्हा दारोदार फिरून ‘एकटीच का?’ हा प्रश्न ऐकायची माझी तयारी नव्हती. काकू रविवारची भाकरी ज्वारीची करायची की नाचणीची, ते विचारत होत्या. मी म्हटलं, “काकू, मी या रविवारपासून ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाईन म्हणते. तुम्हाला घेऊन गेलं की... फार वेळ लागतो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडतील, शिवी देतील असं वाटलं होतं. तशी दिली असती तर मी कदाचित रडून सगळं सांगून टाकलं असतं. “म्या हळू चालती?” एवढंच त्यांनी विचारलं. आवाज असा, की खरंच माहीत करून घ्यायचं असावं. मी म्हटलं, “वय झालं ना आता.”

रविवारी मला खोटं निभावणं भाग होतं. पाठीवर सॅक अडकवून खाली आले तर काकू पायरीवर बसलेल्या. हातात भाकरीचं फडकं नव्हतं. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या, चालीकडे. मी त्यांना ओलांडून गेले, कॅब बोलावली आणि दिवसभर एका मॉलमध्ये बूट घालून बसून राहिले.

पंधरा दिवसांनी त्या एकट्याच गेल्या. एसटीने तलावापर्यंत पोचल्याही, पण संतोषला कुणीतरी फोन केला आणि दुपारी त्याने त्यांना गाडीत घालून परत आणलं. गाडीतून उतरताना त्यांच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या आठवड्यात त्यांना चौथ्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं, एसी बसवला, टीव्ही लावला, आणि जिन्याच्या दाराला कुलूप आलं. “आईची सेवा करतोय,” असं संतोष भेटेल त्याला सांगायचा. सेवा होतीही तशी, औषधं वेळेवर, जेवण ताटात. दोन महिन्यांनी मला रावेतला चांगला फ्लॅट मिळाला. ज्या खोलीसाठी मी ते बोलले होते, ती मी हसत सोडली. निघताना चौथ्या मजल्यावर गेले नाही. सामानाचा टेम्पो थांबला होता, असं मी स्वतःला सांगितलं.

फ्लेक्स पाहिल्यावर तीन आठवडे धीर झाला नाही. मग एका रविवारी गेले. संतोष घरी नव्हता. त्याच्या बायकोने, रोहिणीने, मला वर नेलं. खोली लख्ख पुसलेली. पलंग मात्र एका कडेला पार भिंतीला चिकटवलेला, आणि दारापासून खिडकीपर्यंत सरळ मोकळी जागा. मी विचारलं, पलंग असा का?

“आत्यांनीच सरकवला, पयल्या आठवड्यात. फेऱ्या मारायच्या ना. सकाळी उठल्यापासून सुरू. मी म्हनायची, आत्या, बसा की जरा. तर म्हनायच्या, चाल कमी झालीया, वाढवाया पायजे. मला घड्याळ बघाया लावायच्या. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती येळ लागला, सांग. म्या काय सांगनार? मी आपली म्हनायची, बेस चालताय. तर म्हनायच्या, तू घरातली हाईस, तू गोड बोलनार. त्या पोरीनं खरं सांगितलं.” रोहिणीने पदराने खिडकीची कड पुसली. “मग पाय सुजलं. तरी धरून धरून चालायच्या. शेवटी उठवंना, तवा म्हनल्या, बगीतलंस, ती काय खोटं बोलत न्हवती.”

ते ऐकून मी पलंगाच्या कडेला बसले. सांगायला हवं होतं. तेवढ्यापुरतं तरी, रोहिणीला तरी. एक वाक्य होतं ते. रोहिणी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, ती माझे आभार मानत होती... सासूशी खरं बोलणारी घरात एकच बाई होऊन गेली म्हणून.

“चहा टाकू का, ताई?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती खाली जाऊन येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले, त्या मोकळ्या जागेत पाय न ठेवता. चहा आला. चांगला होता. मी तो सगळा प्यायले, कप तिच्या हातात दिला आणि येते म्हणून निघाले.