देवघरातले भाडेकरू

शकुबाई आणि मी आधी भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये शेजारणी होतो, आता नेहरू नगरात एकाच गल्लीत राहतो. तिच्या घरात कोणतीही वस्तू उघडी दिसायची नाही. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपडं, पाण्याच्या फिल्टरलाही तिने सदरा शिवलेला. "धूळ भिलाईची आन नजर लोकाइची, दोन्हीपासून झाकलेलं बरं," असं ती म्हणते. लाखनीहून लग्न करून आली तेव्हापासूनची ही सवय.

म्हणून तिच्या मुलाने, प्रवीणने, भिंतीवर मोठा टीव्ही लावला त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. टीव्ही झकास होता. पण त्याच्या खाली काळ्या तारा लोंबत होत्या, वडाच्या पारंब्याच जशा. सेटटॉप बॉक्स आणि वायफायचा डबा खुर्चीवर, अडॅप्टर जमिनीवर. सून गुंजन कमरेवर हात ठेवून उभी.

"मम्मीजी, बिलकुल नहीं जम रहा," ती म्हणाली.

पावर हाउस बाजारातून आलेला बबलू मिस्त्री हत्यारं आवरत होता. म्हणाला, "भिंत फोडून तार आत घ्या, नाहीतर पट्टी मारतो."

"भिंतीला हात लावू नको बाप्पा, आताच पुट्टी झाली," प्रवीण म्हणाला.

"मग पट्टी. पण पट्टीत तार जाईल, हे डबे थोडेच जातील? त्याइले कुठंतरी ठेवा. आन कपड्यात गुंडाळू नका, गरम होतात."

हे शेवटचं त्याने शकुबाईकडे बघून सांगितलं. तिच्या हातात चादरीचा तुकडा तयार होता. तिने तो पदराआड घेतला.

आता मधेच दुसरी गोष्ट सांगते, कारण शकुबाईचं मन टीव्हीत नव्हतंच. मागच्या व्हरांड्यात तिचं जुनं देवघर पडून होतं. क्वार्टरच्या अंगणातला आंबा वादळात पडला, तेव्हा त्याच्या लाकडातून तिच्या नवऱ्याने, रामाजींनी, ते सुट्टीच्या दिवसांत बसून केलं होतं. दोन दारं, दारांना नक्षीची जाळी, उदबत्तीचा धूर बाहेर पडावा म्हणून. त्याआधी तिचे देव पिठाच्या डब्यावर बसत. नव्या घरात गुंजनने संगमरवरी मंदिर आणलं, रीतसर पूजा करून देव तिकडे गेले, आणि हे रिकामं झालं. रिकामं देवघर घरात ठेवू नये, रविवारी शिवनाथ नदीत सोडून येऊ, असं प्रवीणने ठरवलं. शकुबाई काय बोलणार? रिकामं ठेवू नये हे तिनेच त्याला लहानपणापासून शिकवलेलं. रामाजींना विचारलं तर ते म्हणाले, "मले कावून विचारता?" आणि पेपर वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. "चंदा, तू पोथी वाचते. सांग, त्या देवघरात मी टीव्हीचे डबे ठेवले तर पाप लागन का?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी जरा विचार केला. म्हटलं, "देव नव्या घरी राहायला गेले. जुन्या घरात भाडेकरू ठेवला तर ते कावून रागावतील?"

"हो ना. मंग रिकामं कुठं राह्यलं?" असं म्हणत ती चहा न घेताच गेली.

संध्याकाळी देवघर टीव्हीखाली स्टुलावर होतं. मागे दिव्याच्या तारेचं भोक आधीचंच होतं, त्यातून रामाजींनी सगळ्या तारा आत ओढल्या. पेपर खाली ठेवून, न सांगता. कळस तेवढा शकुबाईने काढून नव्या मंदिरात नेला. जाळीतून हवा जात होती, म्हणून बबलूही फोनवर ठीक म्हणाला. गुंजनने चारदा पुढेमागे होऊन पाहिलं आणि फोटो काढला.

प्रवीण मात्र म्हणाला, "लोक हसतील, आई. रविवारपर्यंत राहू दे. मग मी टेबल आणतो."

शनिवारी तुमसरहून पंचफुलाबाई आल्या, रामाजींची मोठी बहीण. दारात चपला काढल्या, आत आल्या. जाळीमागे सेटटॉप बॉक्सचा लाल दिवा लुकलुकत होता. बाईंनी डोक्यावर पदर घेतला, पिशवीतलं जास्वंदीचं फूल देवघराच्या दाराशी ठेवलं, कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. प्रवीण क्रिकेट बघत होता, तो हातात रिमोट घेऊन तसाच उभा राहिला.

"दिवसभर दिवा ठेवता, बरं करता," बाई म्हणाल्या. मग मान वर गेली. "पण देवाच्या डोक्यावर टीव्ही कोनं लावला रे? तू लावला?"

गुंजन तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली. प्रवीण म्हणाला, "आत्या, ते... आई, तूच सांग."

शकुबाईने पुढे होऊन दारं उघडली. आत डबे, अडॅप्टर, गुंडाळलेल्या तारा. नदीचंही सांगून टाकलं.

बाईंनी दाराच्या जाळीवरून हात फिरवला. "माह्या भावानं केलं तवा यात पयला दिवा मी लावला होता," त्या म्हणाल्या. "आताही दिवा हायच. थो लाल का होईना. नदीत कावून टाकून राह्यला रे?"

"आत्या, रिकामं ठेवू नये म्हणून..."

"मंग डोळे उघडून पाह्य. जागा हाय का उंदराले तरी?"

स्वयंपाकघरातून गुंजनचा आवाज आला, "बुआजी सही बोल रही हैं. ये कहीं नहीं जाएगा."

रामाजींनी पेपरमागून नुसतं "हूं" केलं. त्या घरात तो निकालच असतो.

रविवारी प्रवीण नदीवर गेला नाही. बबलूला बोलावून त्याने देवघर टीव्हीखाली भिंतीत बोल्टने पक्कं केलं. त्यासाठी नव्या पुट्टीत भोकं पडली, तर स्वतःच म्हणाला, "पडू दे."

परवा मी गेले होते. देवघराच्या दारावरचं कुंकू तसंच आहे, शकुबाई पुसू देत नाही. आणि जाळीमुळे रिमोट सरळ धरला तर लागत नाही, जरा खाली वाकावं लागतं. प्रवीण बातम्या लावायला देवघरापुढे वाकला, तशी शकुबाई माझ्याकडे बघून हसू दाबत भाजी निवडू लागली.