दर सणाला बेदखल

माझ्या सासऱ्यांनी जितकी माणसं बेदखल केली तितकी अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी केली नसतील, आणि गंमत म्हणजे त्यांतलं एकही माणूस कधी घराच्या उंबऱ्याबाहेर गेलं नाही. आबा म्हणजे परभणीच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वसीयतनामे लिहून लिहून त्यांनी स्वतःच्या कमाईवर गावात घर बांधलं आणि पोखर्णीच्या वाटेवर काळीभोर जमीन घेतली. पण जन्मभर दस्तऐवज लिहिल्यामुळे त्यांना साधं बोलताच येत नसे. डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. वस्तू कुठलीही असो, तिची चतुःसीमा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चष्मा हवा असला की ओसरीवरून आवाज यायचा, "पूर्वेस तांब्या, पश्चिमेस पानाचा डबा, दक्षिणेस भिंत. मधी चष्मा हाय, आणा." मी जिंतूरहून मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की मास्तरकीचा पगार विचारला नाही. आमच्या घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते विचारलं, आणि उत्तरेस गोड्या पाण्याची विहीर आहे म्हटल्यावर लग्न ठरवून टाकलं.

त्यांची स्वतःची वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, पत्र्याच्या पेटीत असे. सणाला सगळे जमले, जेवणं झाली, की तोंडात पान टाकून ते ती आम्हाला वाचून दाखवत. कागद उर्दूत, पण वाचायचे मराठीत. आता मी आणि माझे दोन्ही मेहुणे निजामीतल्या शाळेत उर्दूच शिकलेलो, तेव्हा कागद वाचता यायला हवा होता. पण आबांचं अक्षर शिकस्ता, म्हणजे कचेरीतलं घाईचं वळण, आणि त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, द्यायचा त्यांना भारी कंटाळा. कागदावरून मुंग्या चालून गेल्यासारखं ते दिसायचं. ते वाचू शकणारी माणसं दोनच, एक स्वतः आबा आणि दुसरे लिंबाखाली त्यांच्या शेजारी बसणारे मुन्शीचाचा. चाचांची त्या कागदावर साक्षही होती. पण काही विचारलं की ते आभाळाकडे बघत. हैद्राबाद संस्थान विलीन झालं, हळूहळू कचेरीत मराठी आली, तेव्हा थोरला मेहुणा म्हणाला, "आबा, आता वसीयत मराठीत करून टाका ना." आबा म्हणाले, "राज्य बदललं म्हणून माझा हात बदलत न्हाई. तू बेदखल."

ही वसीयत दर वाचनाला बदलायची. पोळ्याला धाकट्या मेहुण्यानं बैल धुवायला उशीर केला, तर त्याच्या वाट्याचा विहिरीजवळचा तुकडा दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे गेला. थोरल्याची बायको पुरणात जायफळ घालायला विसरली, तर तिच्या नवऱ्याची ओसरी गेली. मला त्या घरातलं काही मिळायचंच नव्हतं, तरी शाईच्या दौतीला पाय लागला म्हणून मीसुद्धा दोनदा बेदखल झालो.

एक नाव मात्र या वाचनात कधीच येत नसे, ते अक्काचं. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, पदरी मूल नाही, ती माहेरी परत आली. आबांची शाई कालवायची, पान कुटून द्यायचं आणि वाचनाच्या वेळी दाराआड उभं राहायचं, एवढंच तिचं. दोघी भावजया वाईट नव्हत्या हो, पण आबांच्या मागं अक्काची खोली कुणाच्या लेकरांना द्यायची हे त्या तिच्यासमोरच ठरवत. जिंतूरला परतताना माझी बायको मोटारीत डोळे पुसायची. "सगळ्यांना द्यायलेत अन् काढून घ्यायलेत. अक्काचं नाव तरी घ्यावं का न्हाई? ती कुठं जाईल?"

मला म्हाताऱ्याचा राग यायचा, खरं सांगतो. एकदा लिंबाखाली जाऊन मी सरळ विचारलंच, "आबा, अक्काचं काय?" त्यांनी बोरू कानावर ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी बेदखल." चाचा आभाळाकडे बघत होते.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबा वारले. तेरावं झाल्यावर चाचा घरी आले आणि ओसरीवर कागद उघडून बसले. शेवटच्या वाचनात दोघेही मेहुणे बेदखल झालेले, त्यामुळे दोघांचे चेहरे उतरलेले. चाचांनी वाचायला सुरुवात केली. राहतं घर आणि विहिरीजवळची निम्मी जमीन अक्काला. भावांनी घरात राहावं, पण तिला विचारून. उरलेल्या जमिनीतला मोठा तुकडा धाकट्याला, कारण शेतात तो राबतो. लहान तुकडा थोरल्याला, कारण त्याचा वाटा त्याच्या शिक्षणात आधीच गेला. धाकट्या मुलीला चार भांडी, आणि पाण्यासाठी लांब जावं लागणार नाही असं सासर.

मला वाटलं, आता भांडण पेटणार. थोरल्यानं हळूच विचारलं, "म्हंजे चाचा, मी बेदखल न्हाई?"

"न्हाई, बेटा."

त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की चाचांच्या हातातला कागद हलला. धाकटा तर रडायलाच लागला. काहीच मिळणार नाही अशी वर्षानुवर्षं धास्ती घेतलेले ते दोघे. कुणाला कमी आणि कुणाला जास्त हे मोजायचं त्यांना सुचलंच नाही. भावजया चहा ठेवायला उठल्या, आणि थोरलीनं दाराआड वळून विचारलं, "अक्का, साखर किती टाकू?" माझ्या मनावरचं ओझं त्या क्षणी उतरलं.

मी कागद हातात घेतला. एकही खाडाखोड नव्हती. चाचा म्हणाले, अक्का माहेरी आली त्याच आठवड्यात हे लिहिलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. "मग इतकी वर्षं वाचायचे काय?" मी विचारलं.

"वाचत कुठं होते? मनानंच बोलायचे," चाचा म्हणाले. "म्हणायचे, माझ्या हयातीत पोरीचं नाव फुटलं, तर हिला घरात सुखाचा घास गिळू देणार न्हाईत. त्यांना माझ्यावर चिडू दे, तिच्याकडं कुणाचं ध्यान जायचं न्हाई."

आता आम्ही सणाला अक्काच्या घरी जमतो. परवा दसऱ्याला मी चष्मा शोधत होतो, तर आतून अक्काचा आवाज आला, "पूर्वेस तांब्या, पश्चिमेस पानाचा डबा..." चष्मा मधेच होता. मग जेवणं झाली, पानं लावली, दोघे मेहुणे ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ आम्ही पेटीकडे बघत बसलो, आणि कुणीच आम्हाला बेदखल केलं नाही.