सवण्याखालचा माग

नबीसाब गेली छत्तीस वर्षं सोलापूरकरांच्या डोक्यावरून चालत आलेत. गच्च्यांची गळती काढणं हा त्यांचा धंदा. खाली रस्त्यावर पत्ता विचारला तर घोटाळतील, पण गच्चीवर उभे करा. गिरणीचं धुराडं कुठल्या हाताला, किल्ल्याचा बुरूज कुठल्या, एवढ्यावरून ते पेठ सांगतात. "घर म्होरनं खोटं बोलतंय," ते म्हणतात, "वरनं न्हाय." दर्शनी बाजूला काचा आणि पाट्या लागतात, गच्चीवर मात्र प्रत्येक मालकाचा थर तसाच राहतो.

मागच्या मे महिन्यात साखर पेठेतल्या शांतम्मांनी त्यांना बोलावलं. शांतम्मा सत्तरीच्या, एकट्या. रस्त्याकडेला मोबाईलचं दुकान भाड्यानं दिलेलं, मागं त्या राहायच्या. मधली खोली अंधारी, ट्रंकांनी भरलेली. दर पावसाळ्यात तिथं पाणी टपकायचं.

सकाळी नऊलाच नबीसाब वर चढले. सिमेंटचा कोबा फोडला. खाली शहाबादी फरशी निघाली, तिच्याखाली चुना, चुन्याखाली जुन्या माळवदाची पांढरी माती. एका ठिकाणी छन्नीचा आवाज बदलला. त्यांनी हातानं माती सारली. चौकोनी दगड होता, पोळपाटाएवढा. पहार घालून उचलला, तर खाली काळंभोर भोक.

तेवढ्यात खालून शांतम्मा ओरडल्या, "अय्यो!"

आपल्या हातून दगडबिगड पडला की काय, म्हणून नबीसाब धडपडत खाली आले. शांतम्मा धडधाकट उभ्या होत्या. छतातून उन्हाचा सरळ खांब उतरला होता आणि त्यात धूळ सोन्यासारखी फिरत होती.

"एक्कावन्न वर्षं झाली या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "बल्ब लावल्याशिवाय ही खोली कधी दिसलीच नाही मला."

"सवणं हाय अम्मा. पूर्वी उजेडासाठी ठेवायचे. कुणीतरी बुजवलंय."

ऊन ज्या ट्रंकेवर पडलं होतं ती दोघांनी सरकवली. खालच्या तीन फरश्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, ओलीनं हलणाऱ्या. पाणी इथंच मुरत होतं. नबीसाबांनी त्या उचलल्या. आत गुडघाभर खड्डा होता. त्याचा एक काठ मात्र तेल लावल्यासारखा गुळगुळीत.

नबीसाब बघतच राहिले. लहानपणी शेजारच्या विणकराच्या घरी असाच खड्डा त्यांनी पाहिला होता.

"हा मागाचा खड्डा, अम्मा. यात पाय सोडून बसायचं नि विणायचं."

"सासरे म्हणायचे, घर पद्मशाली माणसाकडून घेतलं. विणकरच ते लोक. नाव काही माहीत नाही."

नबीसाबांनी चपला काढल्या आणि काठावर बसून पाय आत सोडले. जिथं कापड ताणलं असतं, नेमकं तिथं ऊन पडलं होतं. आधी माग मांडून, मग वर बघून, कुणीतरी ते भोक पाडलं होतं. त्या गुळगुळीत दगडावर नबीसाबांनी तळहात फिरवला. हा दगड कुण्या गवंड्यानं घासला नव्हता. बसून बसून झिजला होता.

त्या दिवशी पुढचं काम झालंच नाही. दोघं भिंतीला टेकून बसली आणि ऊन हळूहळू खड्ड्यावरून सरकताना बघत राहिली. तीन वाजता ते भिंतीवर चढलं, तेव्हा शांतम्मा म्हणाल्या, "सिमेंट घालू नकोस. काच बसव."

नबीसाबांनी सवण्याभोवती उंच कठडा बांधून जाड काच बसवली. पावसाळाभर थेंब आला नाही. आता कुठल्याही गच्चीवर गेले की ते आधी छन्नीची मूठ ठोकून बघतात. आजवर आणखी चार सवणी सापडलीत. दोघा मालकांनी ती पुन्हा बुजवायला लावली.

दिवाळीनंतर त्यांनी बायकोला, गुलबानोला, ती खोली दाखवायला नेलं. गुलबानो तीस वर्षं घरात बसून विड्या वळतेय. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिनं उन्हात दोन्ही हात धरले.

"इथं बसून वळल्या असत्या," ती म्हणाली, "तर माझी नजर एवढी गेली नसती."

"मग येत जा की," शांतम्मा म्हणाल्या. "ट्रंका मी हलवते."

हल्ली दहाच्या सुमाराला गुलबानो विड्यांचं सूप घेऊन तिथं येते. पाय खड्ड्यात सोडते. शांतम्मा शेजारी तांदूळ निवडत बसतात.