खळ्यावरचा अणू

१८ मार्च १९४६. खळ्यावर जोंधळ्याची मळणी होती. मधल्या खांबाभोवती एका दोरीत बांधलेले चार बैल फिरत होते. मी खराट्याने कणसं आत लोटत होते. माझी मुलगी बांधावर अभ्यासाला बसली होती. ती सांगलीला इंटर सायन्सला होती आणि परीक्षा तीन दिवसांवर आलेली. तिचे वडील अजून पलटणीत, म्हणून तिला परीक्षेला पाठवायचं की नाही हे थोरल्या दिरांच्या हातात. ते पेन्शनीत निघालेले सुभेदार. त्यांना जगातलं सगळं कळे. जे कळत नसे ते चुकीचं असे.

“काय वाचतीस, सांग मराठीत,” बैल हाकता हाकता ते म्हणाले.

मुलीने सांगितलं, अणूत मध्याजवळचा इलेक्ट्रॉन सर्वांत वेगाने फिरतो, तरी त्याची ऊर्जा सर्वांत कमी. ऊर्जा दिली की तो बाहेरच्या कक्षेत जातो आणि तिथे हळू फिरतो.

“खुळं हाय व्हय पुस्तक? ताकद कमी आन् पळतंय जास्त? ह्यो आतला म्हातारा बैल बघ, पाय उचलत न्हाई. बाहेरचा खोंड पळतोय. पलटण वळतानाबी बाहेरचाच गडी पळतो. तसं लिव्ह. खोटं लिवायला सांगलीला जायाचं न्हाई.”

मुलीने वहीतल्या बरोबर उत्तरावर काट मारली. नापास होईल, पण चुलत्याला दुखवणार नाही. हे वळण मीच लावलेलं.

“आवं भाऊजी,” मी म्हटलं, “बैल एका दोरीत हायत, म्हणून रांगेनं फिरत्यात. इलेक्ट्रॉनला कुणी दोरी बांधलीया?”

“सोडून दावतो की!”

त्यांनी दोरी सोडली. म्हातारा बैल जागीच उभा राहून कणसं खाऊ लागला.

“बघ! आतला हलला का?”

“आबा, त्याला मधलं काही ओढत नाही,” मुलगी म्हणाली. “इलेक्ट्रॉनला ओढतं. जवळ ओढ जास्त, म्हणून फिरत राहायला वेगही जास्त लागतो. तिथून बाहेर काढायला वरून ऊर्जा द्यावी लागते.”

एवढ्यात खोंड शेजाऱ्याच्या उसात शिरला. सुभेदार काठी घेऊन धावले. ते येईतो मी मुलीकडून उत्तर पुन्हा लिहून घेतलं.

ते धापा टाकत आले. “आता तर न्हाईच जायाचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीची ट्रंक बैलगाडीत टाकली, दिरांना “येते जाऊन” एवढंच सांगितलं आणि तिला कोरेगाव स्टेशनवर सांगलीसाठी मिरजेच्या गाडीत बसवून आले.