थर्झाचा हुडहुडीचा दिवस

थर्झा प्लम्ली कशी होती हे हॅकबेरीच्या धक्क्यावर कोणालाही विचारा. आधी हसतील, मग सांगतील की बाईच्या जिभेला हाड नव्हतं. नव्हतंच. नदीवर दोराचा तराफा होता, तो ती आणि तिचा नवरा एनॉस ओढायचे. गाडी चढताना बैल अडला तर बैलाला, आणि बैल शहाणा निघाला तर गाडीवानाला, कोणाला तरी तिची बोलणी खावीच लागायची. चर्चचे डीकन अमासा पाइक म्हणजे आमच्या वस्तीतलं बडं प्रस्थ. त्यांनाही तिनं भर प्रवाहात सुनावलं होतं, "डीकनसाहेब, खिशात हात घालून स्वर्गात जाता येत असेल, पलीकडच्या काठाला नाही. धरा दोर." डीकननी धरला.

कॅन्ससमधली ती नदीकाठची जमीन काळीभोर होती. मका डोक्याच्या वर जायचा. पण जमीन घेतली की तिच्याबरोबर हिवताप फुकट. एक दिवस माणूस नांगर धरून धडधाकट, दुसऱ्या दिवशी दात वाजतात, खाट हलते, अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी ऊब नाही; मग भट्टीसारखा ताप, मग घाम. तिसऱ्या दिवशी पुन्हा नांगर. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. ज्याचा दिवस असेल त्यानं सकाळी दारात यायचं आणि हाक द्यायची, "आज माझा दिवस आहे." ऐकेल त्यानं उत्तर द्यायचं, "मी आहे." एवढं म्हटलं की त्याची गाय, त्याची चूल, त्याचं पाणी सगळं तुझ्या अंगावर. उद्या तुझा दिवस आला की तो म्हणणार. लग्नाची तारीखसुद्धा नवरा, नवरी आणि पाद्री अशा तिघांचे बरे दिवस जुळवून ठरायची. थर्झाचा आणि एनॉसचा दिवस कधी एका वेळी आला नाही. "ताप आला तोही जोडा बघून आला," ती म्हणायची. एक कुडकुडायचा, दुसरा दोर ओढायचा. शिवाय घरोघरी फळीवर कोयनेलची बाटली असायचीच. कडूजहर, पण त्याच्यामुळे ताप आटोक्यात राहायचा आणि माणसं जगायची.

अशा वस्तीत त्या उन्हाळ्यात ब्रदर लूशन नावाचा एक फिरता धर्मोपदेशक आला. थर्झाच्याच तराफ्यावरून आला. गोड हसला, पण दोराला हात लावला नाही. "हात नुसते आशीर्वादाला ठेवलेत वाटतं," ती एनॉसला म्हणाली. एनॉस म्हणाला, "सगळ्यांनाच नाही गं नावं ठेवायची."

बुवानं माळावर तंबू ठोकला. दिवसभर दारोदार फिरायचा, ताक प्यायचा, मुलांच्या गालांवरून हात फिरवायचा आणि सहज विचारायचा, "ताई, तुमचा दिवस कोणता?" लपवायचं काय होतं? लोक सांगायचे. मग ज्या दिवशी माणूस मुळातच बरा, त्या दिवशी बुवा त्याला तंबूतल्या चौथऱ्यावर उभा करायचा, डोक्यावर हात ठेवून ओरडायचा, आणि माणूस तसाच बरा खाली यायचा. वा रे चमत्कार. वर श्रद्धेची खूण म्हणून कोयनेलची बाटली तिथल्या आगटीत टाकायची. बाटल्या फुटायच्या, बायका रडायच्या, लोक टाळ्या वाजवायचे.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी यायची ती यायचीच. बुवा म्हणायचा, "मी तर बरं केलं होतं. तुझी श्रद्धा डळमळली, त्याला मी काय करू?" झालं. जे कधी लपवलं नव्हतं ते लोक लपवायला लागले. कोण माळ्यावर जाऊन कुडकुडायचा, कोण तळघरात. सकाळची हाक बंद पडली, मग "मी आहे" तरी कोण कोणाला म्हणणार? दुपारपर्यंत गाई आचळं तटतटून हंबरत उभ्या असायच्या आणि आत मालक तोंडात बोळा कोंबून पडलेला. भेटला की म्हणायचा, "छे, मी ठणठणीत."

हल्डा वेबचा भाऊ गिडियन तसाच गेला. वस्तीचा लोहार, सहा फुटी गडी. लोकांना दिसू नये म्हणून मक्याच्या कणगीत जाऊन पडला आणि तिथेच संपला. पुरताना ब्रदर लूशन म्हणाला, "त्याच्या मनात शंका होती." हल्डानं मान हलवली. सख्खी बहीण, भावाच्या कबरीपाशी उभी राहून हो म्हणाली. थर्झाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तोंडातून एक शब्द फुटेना, असंही आयुष्यात पहिल्यांदाच झालं. कारण शेजारी एनॉस उभा होता, आणि त्याचे डोळे पिवळे झाले होते.

एनॉसनंही बाटली आगीत टाकली होती. मन साधं, शब्दाला पक्का. आता आपल्या दिवशी तो गुपचूप वाळुंजांच्या जाळीत जाऊन पडायचा आणि संध्याकाळी कपडे झटकत परत यायचा, दर खेपेला थोडा आणखी वाळलेला. थर्झानं काकवीत कोयनेल मिसळून दिलं. पहिल्याच घासाला त्यानं ते थुंकून टाकलं.

"मला फसवू नकोस, थर्झा. मी चारचौघांत उभा राहून बरा झालो म्हणालोय."

"चारचौघं येणारेत का तुझ्या जागी मरायला?"

"मी नेट धरला तर होईन बरा."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मनगटं काटक्यांसारखी झाली होती. मग तिनं स्वतःची बाटली त्याच्यासमोर फळीवर ठेवली. "ठीक आहे. तू घेईपर्यंत मीही घेणार नाही."

"तू का? तुझा तर ताप हटलाय."

"तराफा दोघांचा आहे, एनॉस. एकटीनं ओढायला मी कशाला मागे राहू?"

ती बोलल्याप्रमाणे वागली. हटलेला ताप फिरून आला आणि सव्याज आला. रविवारी दुपारी तंबूत सभा होती आणि रविवार तिचाच दिवस होता. एनॉस म्हणाला, "पडून राहा, मी सांगतो तुझं डोकं दुखतंय." ती उठली, गोधडी पांघरली आणि भर उन्हात माळ चढून गेली. लोकांनी वाट दिली. ती पहिल्या बाकावर जाऊन बसली.

बाक हलायला लागला. ब्रदर लूशन प्रवचन करत होता आणि बाकाचे पाय फळ्यांवर टकटक टकटक वाजत होते. तिनं ते थांबवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. शेवटी बुवा थांबला. खाली आला, तिच्या डोक्यावर दोन्ही हात दाबले आणि गरजला, "शांत हो." टकटक चालूच.

"जो... जोरात दाबा," थर्झा म्हणाली. दातांवर दात आपटत होते. "या दिवशी कोणावर हात ठेवलाच नसेल तुम्ही. सवय नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. बुवाचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला. "एनॉस प्लम्ली, ही तुझी बायको. हिच्यातल्या अश्रद्धेनं गिडियनला खाल्लं, उद्या तुला खाईल. हिला बाहेर ने. ही शुद्ध होईपर्यंत हिच्या ताटाला ताट लावू नकोस."

थर्झा उठून उभी राहिली. बाकाला धरून कशीबशी, पण उभी राहिली. वस्तीकडे तोंड केलं आणि सकाळी दारातून द्यायची ती हाक तिनं तंबूत दिली.

"आज माझा दिवस आहे."

कोणी हललं नाही. आगटीतला निखारा फुटला तेवढंच. हल्डानं मान खाली घातली. डीकननी टोपी फिरवली. थर्झा एनॉसकडे बघत होती. तो आता गप्प राहिला तर ती घरी जाऊन गप्प पडून राहणार होती, आणि दोघांचा निकाल लागणार होता. तिला ते ठाऊक होतं, त्यालाही.

एनॉसनं कोट काढला. पुढे आला. कोट तिच्या गोधडीवर टाकला आणि म्हणाला, "मी आहे."

मग तो वळला. "काल माझा होता. वाळुंजात पडलो होतो. गुरुवारीही. मी बरा झालेलो नाही, खोटं बोललो."

ब्रदर लूशननं हात वर केले, पण तोवर हल्डा उठली होती. तिचा आवाज फाटलेला. "गिडियनचा दिवस होता तो. मला माहीत होतं. मी म्हटलं नाही. 'मी आहे' म्हटलं नाही मी." ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. तिच्या मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "माझा उद्या." "माझा आज, तळघरातून आलोय." असं करत सगळा तंबू बोलायला लागला. शेवटी डीकन अमासा पाइक खाकरले. "मी टाकली ती बाटली... रिकामी होती. भरलेल्या घरी आहेत. बऱ्याच आहेत." त्यांना दोन शिव्या हासडाव्यात असं थर्झाच्या फार मनात होतं, पण दात जागेवर राहीनात.

त्या रात्री एनॉसनं तिच्या हातून कोयनेल घेतलं. तोंड वाकडं केलं. मग तिनं घेतलं.

सोमवारी सकाळी ब्रदर लूशन पिशवी घेऊन धक्क्यावर हजर. वस्तीनं त्याला हाकललं नव्हतं, नुसतं कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. एनॉसचा दिवस होता. तो काठावर गोधडीत बसला होता आणि हल्डा त्याला पाणी पाजत होती. थर्झानं दोर बुवाच्या हातात दिला. या वेळी त्यानं ओढला.

निम्म्या प्रवाहात दोर थरथरायला लागला. थर्झानं वळून बघितलं. बुवाचे ओठ निळे, हनुवटी नाचतेय. नदीकाठानं त्यालाही सोडलं नव्हतं.

"वारा गार आहे," तो म्हणाला. ऑगस्ट होता. पान हलत नव्हतं.

थर्झानं एप्रनच्या खिशातून बाटली काढली. "आहे माझ्याकडे. पण इथली रीत तुम्हाला माहीत आहे. घरोघर दिवस विचारत फिरलात ना? बोला."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं. काठावर ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं पलीकडे बघितलं, अलीकडे बघितलं. मग दोराला लटकून ओरडला, "आज माझा दिवस आहे."

पाण्यावरून आवाज लांब जातो. एनॉसनं ऐकलं. हल्डानंही ऐकलं. ती हातातलं भांडं तसंच धरून नदीकडे बघत राहिली, तोंड उघडलं नाही.

थर्झानं बूच काढलं, मात्रा ओतली, त्याच्या दातांमधून घशात घातली. औषध कोणाला नाकारायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. मग तिनं त्याच्या हातातून दोर काढून घेतला आणि त्याला पलीकडे नेऊन उतरवलं.

मी आहे, असं मात्र ती म्हणाली नाही.