मामीचं भरीत आणि मामांचे गुण

माझ्या धुळ्याच्या मामांइतकी मोजमापावर श्रद्धा असलेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. चहात साखर किती घालू असं विचारलं, तर चमचा सपाट की शिगोशीग, हे ते आधी विचारत. भूगोलाचे निवृत्त शिक्षक; फिरायला निघतानाही खिशात मोजपट्टी. मामीचं मात्र सगळं अंदाजानं. ती यावलकडची, आणि तिच्या वांग्याच्या भरताला तोड नव्हती. प्रमाण विचारलं की म्हणायची, "हाताला कळतं." ती गेली, आणि हाताला कळणारं सगळं तिच्यासोबत गेलं.

वर्षश्राद्ध झालं नि मामा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे जळगावला हजर. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. म्हणाले, "बेटा, तुझं ते सॉफ्टवेअर शिकव. तिचं भरीत शोधायचंय."

शिकताना त्यांनी मला घाम फोडला. पाय धुतल्याशिवाय माउसला हात लावत नसत. भरताची चव घेऊन गुण देणाऱ्या शेजाऱ्यांना क्रमांक देणं त्यांना अपमानाचं वाटे. रकान्यात 'शेजारचे नाना' असंच भरत. सरासरी समजावली, तेव्हा बराच विचार करून म्हणाले, "म्हणजे जे कोणीच खाल्लं नाही, ते भरीत."

थंडीत धुळ्याला दर रविवारी प्रयोग. कधी मिरच्या कमी, कधी लसूण जास्त, कधी वांगी गॅसवर, कधी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. ते मामीच्या भरताच्या किती जवळ आलं, याचे शेजाऱ्यांनी दहापैकी गुण द्यायचे. सगळ्यांनी दर वेळी दहा दिले. सॉफ्टवेअर हात वर करून मोकळं झालं; गुणांत फरकच नाही, तर कशानं काय बदललं ते सांगणार कसं? मामा नानांवर तडकले. नाना म्हणाले, "भाऊ, तुमना घरनं खाईसन नऊ कशा देऊ? बठ्ठं दहानंच शे!" नानांच्या लेखी सगळंच दहाचं.

"तू तरी खरं सांग," त्या रविवारी मीही तिथे होते, तर मामा माझ्याकडे वळले.

मी घास घेतला. "चार."

पोरगी बोर्डात पहिली यावी तसा त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास! आता गणित चालेल."

मग दर रविवारी मी धुळ्याची बस धरू लागले. चाराचे पाच झाले, साडेसहा झाले, आठ झाले. आलेखाची रेघ चढली की मामा मामीच्या फोटोकडे बघून घसा खाकरत. आणि होळीच्या जरा आधी, एका रविवारी, पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले.

"मामा, दहा."

त्यांनी घास घेतला. फार वेळ चावत राहिले. मग चष्मा पुसून त्यांनी रकान्यात लिहिलं, नऊ.

"अहो, दहा!"

"एक राहू दे, बेटा. पुढच्या रविवारी येशील ना?"

वांगी मिळत होती तोवर आम्ही तेच भरीत करत राहिलो, काहीही न बदलता. मामा दर वेळी नऊच लिहीत.

पुढची थंडी त्यांनी पाहिली नाही. परवा मी त्याच प्रमाणानं भरीत केलं आणि नानांसाठी डबा घेऊन धुळ्याला गेले. मामांच्या दाराला कुलूप होतं. नानांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले. म्हणाले, "दहा, ताई. पूरा दहा."

मी तरी उगाच थोडा वेळ बसून राहिले. कोणीतरी नऊ म्हणायला हवं होतं.