पाण्यातला लाभार्थी

सरकारी अनुदान इतकं मनापासून, आणि इतकं अंगाला लावून, उपभोगलेला माणूस अख्ख्या खानदेशात माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांखेरीज दुसरा नसेल. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नरडाण्याच्या अलीकडे त्यांची कोरडवाहू कपाशी आहे. त्या शिवारात चिमण्यासुद्धा आंघोळ मातीत उरकतात. त्यामुळे माती अडवा, पाणी जिरवा अशी कुठलीही योजना निघाली की नानांचा अर्ज आधी. बांधबंदिस्ती झाली तेव्हा घरी आलेल्या पाहुण्याला बांधावरून फिरवून आणल्याशिवाय ते चहा देत नसत. एका वजनदार पाहुण्याला मात्र त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही खालथून या भाऊ, बांध दबी जाई."

मग सोडतीत शेततळं लागलं. खड्डा झाला, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि पहिल्याच पावसाळ्यात तळं गच्च भरलं. जन्मात गुडघ्यापलीकडे पाणी न पाहिलेले नाना ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब काखेत अडकवून आत उतरले, आणि मग रोज उतरू लागले. कागद निसरडा, म्हणून कमरेला दोर. दोराचं टोक काठावर बसलेल्या अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात. दुसऱ्या हाताने अक्का फोनवर लेकीशी, माझ्या भावजयीशी, गप्पा मारायच्या. मध्येच म्हणायच्या, "थांब माय, तुना बाप जरासा बुडी ऱ्हायना."

अनुदानाच्या तपासणीला कृषी सहायक आला, तेव्हाही नाना पाण्यातच. फोटोसाठी मोबाइल उगारून तो विनवू लागला, "नाना, लाभार्थी तळ्याशेजारी उभा पाहिजे. आत नाही चालत."

"लाभ आठे शे, ते लाभार्थी आठेच राही ना, साहेब!"

शेवटी काठावर टॉवेल गुंडाळून उभे राहिले, पण ट्यूब काही काढली नाही. अनुदान मंजूर झालं ते ट्यूबसकट.

पाणी मात्र कुणाला तांब्याभर देत नसत. कपाशीलाही नाही. "सरकारनी पानी साठवाले पैसा दिधा, सांडाले नही," हे त्यांचं शास्त्र. ऊन चढलं की आभाळाकडे बघून सूर्याला शिव्या देत, की सगळं पाणी हाच चोरून नेतो. शेजारचा शेतकरी तर गावभर सांगायचा, नानांनी तळं नव्हे, म्हशीला डबकं केलंय, आणि म्हैस ते स्वतःच आहेत.

भादव्यात पावसाने दडी मारली. कपाशीची फुलं गळायला लागली. एका सकाळी तोच शेजारी टोपी हातात घेऊन काठाशी येऊन उभा राहिला. नाना ट्यूबवर तरंगत होते.

"नाना, कपाशी जाई ऱ्हायनी," तो एवढंच म्हणाला.

नानांनी ट्यूब काठाकडे वळवली. मग अक्कांना म्हणाले, "माले भाईर काढ." ओल्या अंगानेच जाऊन त्यांनी पाणी उपसायचं इंजिन आणलं.

आधी त्यांची कपाशी भिजली, मग शेजाऱ्याची. नाना रोज पाण्यात उतरत होते. पाणी गळ्याचं छातीला आलं, छातीचं कमरेला. शेवटी घोट्याएवढ्या पाण्यात ट्यूबवर बसून राहायचे. मग तेही पाणी इंजिनाने ओढलं. दोन्ही शेतं तगली.

त्याच आठवड्यात मी धुळ्याहून गेलो होतो. नाना तळ्याच्या बुडाशी ओणवे होऊन उरल्यासुरल्या चिखलातले बेडूक बादलीत गोळा करत होते. मला हसू आलं. "नाना, हे कशाला?"

"यासना आधार कार्ड नही ना, भाऊ. यासले कोन अनुदान दी?"

बादलीवर ओला टॉवेल टाकून ते गावविहिरीवर आले. तिच्यात तळाशी थोडं पाणी होतं. एकेक बेडूक त्यांनी आत सोडला. खालून डुबुक असा आवाज यायचा. तो पुरता विरेपर्यंत नाना काठावर वाकून ऐकत राहायचे, आणि मगच पुढचा बेडूक उचलायचे.